टी-शर्ट छपाई: ठसा, स्क्रीन, डीटीजी, डीटीएफ, सब्लिमेशन, कोणत्या कामाला काय वापरायचं

टी-शर्ट छापून घेणारा माणूस बहुतेक वेळा डिझाइन घेऊन येतो, किती नग हवेत ते सांगतो, आणि शर्ट कसला आहे हे शेवटी, तेही विचारल्यावर सांगतो. निम्मी कामं बिघडतात ती इथेच. स्क्रीनची शाई असो वा डीटीएफची (डायरेक्ट-टु-फिल्म: चित्र आधी फिल्मवर छापून मग शर्टावर दाबणं) फिल्म, ती उष्णतेने धाग्यावर बसवायची असते. धागा सुती आहे की पॉलिस्टर, यावरून ती किती अंशांना आणि किती वेळात बसेल, मुळात बसेल की नाही, हे ठरतं. म्हणून खाली आधी कापड, मग पद्धती, आणि प्रत्येक पद्धतीत तापमानाचा हिशेब जरा सविस्तर दिला आहे.

## आधी कापड तपासा

लेबल वाचा, पण त्याच्यावर विसंबू नका. आतल्या शिलाईजवळून एक-दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागद जळल्यासारखा जळतो आणि राख बोटांनी चुरगळते. पॉलिस्टर आक्रसून वितळतं आणि टोकाला कडक मणी उरतो. मिश्र कापडात राखही मिळते आणि तिच्यात खडेही लागतात.

दोन गोष्टी यातून लगेच कळतात. पहिली ओल. सुती कापड नेहमीच्या हवेत आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओल धरून असतं, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. शर्ट कोरडा वाटला तरी हीट प्रेसखाली (तापलेल्या पाट्याने दाबणारं यंत्र) ही ओल वाफ होऊन बाहेर पडते आणि फिल्म नीट चिकटू देत नाही. हीट प्रेसवर कुठलंही काम करण्याआधी शर्ट ५ सेकंद नुसता दाबून घ्यायचा तो यासाठी. पावसाळी हवेत १० सेकंद.

दुसरी गोष्ट रंगाची. पॉलिस्टर डिस्पर्स रंगाने रंगवतात, आणि हा रंग पुरेशी उष्णता मिळाली की घनरूपातून थेट वायू होतो. लाल, मरून, नेव्ही, काळा अशा गडद पॉलिस्टरवर छापलेला पांढरा रंग गुलाबी किंवा करडा पडतो तो यामुळे: शर्टातला रंग वर चढतो. छापताना काहीच दिसत नाही, कधी दुसऱ्या दिवशी दिसतं, कधी गठ्ठा बांधून पाठवल्यावर. सुती कापडाचा रिअॅक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडलेला असतो, तो असा उडत नाही.

वजनाचं म्हणाल तर १८० ते २०० जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम) विणलेलं सुती कापड बहुतेक पद्धतींना सोयीचं. १४०-१५० जीएसएमच्या पातळ शर्टातून शाई मागच्या बाजूला उतरते आणि विणीच्या रेषा छपाईत उमटतात. कापडावर हात फिरवून उभे तंतू जाणवतात का तेही पाहा. कोंब्ड, रिंगस्पन सुताचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. ओपन-एंड सुताचा खरबरीत. डीटीजीला (डायरेक्ट-टु-गारमेंट: प्रिंटरने थेट शर्टावर छापणं) हा फरक सगळ्यात जास्त भोवतो.

मापं आधीच ठरवून घ्या. प्रौढांच्या शर्टावर छातीवरची पूर्ण छपाई साधारण २८ ते ३० सेंटिमीटर रुंद, वरची कड गळ्याच्या पट्टीखाली ७-८ सेंटिमीटर. डाव्या छातीवरचं छोटं चिन्ह ९-१० सेंटिमीटर. लहान मुलांच्या शर्टाला १८ ते २२ सेंटिमीटर पुरे. मोठ्या आणि लहान मापांना एकच स्क्रीन वापरायची असेल तर ती लहान मापाच्या हिशेबाने करा. उलट केलं तर चित्र काखेतल्या शिलाईवर चढतं.

## ठसा

लाकडी ठशाने टी-शर्ट छापता येतो, पण विणलेलं कापड ताणलं जातं ही अडचण कायमची. शर्टाच्या आत घट्ट पुठ्ठा घाला, कापड सुरकुती न ठेवता पण न ताणता बसवा, आणि खाली ब्लँकेटच्या दोन-तीन घड्यांचं मऊ टेबल घ्या. रंगाची गादी ओली हवी, थबथबलेली नको. ठसा गादीवर दोनदा हलका टेकवून मग कापडावर ठेवायचा आणि पाठीवर मुठीने एकदाच ठोका द्यायचा. दोन ठोके दिले की कडा दुहेरी उमटतात.

सोपा रंग म्हणजे पिगमेंट आणि बाइंडरची तयार पेस्ट. ती पूर्ण वाळू द्या आणि मग १५० अंशांना ४-५ मिनिटं तापवा. घरी करत असाल तर मधे सुती कापड ठेवून उलट बाजूने इस्त्री. एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेषा ठशात भरून जाते, आणि दोन शर्ट तंतोतंत सारखे निघत नाहीत. हे ज्याला चालतं, किंबहुना हेच हवं असतं, त्याच्यासाठीच ही पद्धत आहे. कंपनीच्या चिन्हासाठी ती वापरू नये.

## स्क्रीन प्रिंटिंग

१९०७ मध्ये इंग्लंडमध्ये सॅम्युअल सायमन यांनी जाळीतून छपाईचं पेटंट घेतलं तेव्हा जाळी रेशमाची होती. आज ती पॉलिस्टरची असते, पण तत्त्व बदललेलं नाही: जिथे रंग नको तिथली छिद्रं बुजवायची आणि उरलेल्यांतून शाई ढकलायची. प्रत्येक रंगाला जाळी ताणून बसवलेली वेगळी चौकट लागते, त्यामुळे पहिला शर्ट फार महाग पडतो आणि शंभरावा फार स्वस्त.

जाळीची निवड इंचातल्या धाग्यांवरून होते. ११० धाग्यांची जाळी (सेंटिमीटरला ४३) भरपूर शाई सोडते. गडद शर्टावरचा पांढरा थर आणि जाड अक्षरं यांच्यासाठी ती घ्या. १५६ ची (सेंटिमीटरला ६१-६२) रोजच्या बहुतेक कामांना चालते. बारीक रेषा आणि हाफटोनला (लहानमोठ्या ठिपक्यांनी दाखवलेल्या छटा) २३० किंवा त्याहून वर. हाफटोनचा ठोकळ हिशेब असा की इंचातल्या ठिपक्यांच्या रेषांना ४ ते ५ ने गुणायचं: ४५ रेषांच्या हाफटोनला किमान १८०, शक्यतो २३० ची जाळी. ठिपक्यांचा कोन २२.५ अंश ठेवला तर जाळीच्या धाग्यांशी टक्कर होऊन दिसणारी नक्षी बरीच टळते. जाळीचा ताण सेंटिमीटरला २० न्यूटनच्या खाली गेला असेल तर ती चौकट बाजूला ठेवा. सैल जाळीत रंग जुळतच नाहीत, आणि माणूस दिवसभर प्रेसचे स्क्रू पिळत बसतो.

चौकट तयार करण्याचा क्रम असा:

१. चित्र व्हेक्टरमध्ये, खऱ्या मापात. प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म काढा, सगळ्या काळ्या. फिल्म दिव्यासमोर धरा. काळ्या भागातून बल्ब दिसत असेल तर ती चालणार नाही. शेजारचे रंग एकमेकांवर ०.३ ते ०.५ मिलिमीटर चढवा, आणि खालचा पांढरा थर वरच्या रंगापेक्षा ०.३ मिलिमीटर आत घ्या. जुळणीच्या खुणा वर, खाली आणि मध्यरेषेवर.

२. जाळीवरचं तेल डिग्रीसरने काढा आणि चौकट पूर्ण वाळवा. एवढं टाळलं की इमल्शनमध्ये (जाळीवर लावायचा, प्रकाशाने घट्ट होणारा लेप) सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात.

३. पिवळ्या दिव्यात इमल्शन लावा. छपाईच्या बाजूने एक हात, मग स्क्वीजीच्या (शाई ढकलणारी रबरी पट्टी) बाजूने एक हात. चौकट आडवी, छपाईची बाजू खाली ठेवून वाळवा, म्हणजे थर शर्टाच्या बाजूला जमतो. तापमान ४० अंशांच्या आत आणि हवा कोरडी. हाताला कोरडं लागलेलं इमल्शन आतून ओलं असू शकतं. घाई केली तर नंतर ते धुताना निघून जातं.

४. एक्स्पोजर, म्हणजे फिल्म ठेवून इमल्शनवर प्रकाश देणं. नेमके सेकंद दुसऱ्याकडून विचारून उपयोग नाही. दिवा, अंतर, इमल्शन आणि थराची जाडी यावर ते बदलतात. २१ पायऱ्यांची चाचणी पट्टी मिळते, ती लावून धुतल्यावर सातवी पायरी टिकली तर वेळ बरोबर. पट्टी नसेल तर फिल्मवर काळा पुठ्ठा सरकवत एकाच चौकटीवर पाच-सहा वेगवेगळे वेळ देऊन बघा. वेळ कमी पडला तर आतल्या बाजूला बुळबुळीत थर सुटतो आणि बारीक भाग वाहून जातात. जास्त झाला तर बारीक रेषा उघडतच नाहीत.

५. दोन्ही बाजूंनी कोमट पाणी मारून एक मिनिट थांबा, मग हलक्या फवाऱ्याने उघडा. वाळल्यावर छिद्रं बुजवा, कडांना टेप लावा आणि पुन्हा एकदा दिव्याखाली ठेवा.

आता छपाईची प्रेस. जाळी आणि शर्ट यांच्यात २ ते ३ मिलिमीटर अंतर हवं, म्हणजे स्क्वीजी पुढे गेली की मागची जाळी आपोआप उचलली जाते. अंतर शून्य असेल तर कडा पसरतात. फार असेल तर चित्र ताणलं जातं. स्क्वीजीचं रबर ७० कडकपणाचं, कोन साधारण ७५ अंश. नवशिके जोर लावतात, आणि जोराने शाई कापडाच्या आत जाते, वर राहत नाही. मग पांढरा रंग फिका दिसतो आणि अजून जोर लावला जातो. गडद शर्टावर झाकणारा पांढरा हवा असेल तर हलक्या हाताने एकदा छापा, फ्लॅश (वरून थोडा वेळ उष्णता) द्या आणि दुसरा हात मारा.

फ्लॅश म्हणजे शाई पूर्ण पिकवणं (उष्णतेने कायमची पक्की करणं) नव्हे. प्लास्टिसोल ही पीव्हीसीची शाई १०५ ते १२० अंशांच्या आसपास वरून घट्ट होते, बोट लावलं तर चिकटत नाही, एवढंच हवं. ५ ते १० सेकंद पुरतात. काम सुरू झाल्यावर पॅलेट (शर्ट चढवायची फळी) तापत जाते, त्यामुळे पहिल्या शर्टाला ९ सेकंद लागत असतील तर विसाव्याला ५ पुरतात. हे न पाहता जुनाच वेळ चालू ठेवला की खालचा थर जास्त पिकतो, वरचा रंग त्याला धरत नाही आणि धुण्यात पापुद्र्याने निघतो. तक्रार मात्र शाईच्या नावाने होते.

प्लास्टिसोल हवेत कधीच वाळत नाही. पीव्हीसीचे कण प्लास्टिसायझरमध्ये तरंगत असतात आणि शाईचा संपूर्ण थर सुमारे १६० अंशांना पोहोचला तरच ते एकजीव होतात; कमी तापमानाच्या शाया १३० ते १३५ अंशांना पिकतात. 'संपूर्ण' हा शब्द महत्त्वाचा. तापमान मोजणारी हातातली इन्फ्रारेड बंदूक फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवते. तळाची शाई ३० अंशांनी मागे असू शकते. छपाई थंड झाल्यावर कापड ताणून बघा: शाई तडकली तर ती कच्ची आहे. लहान मुलांच्या कपड्यांना थॅलेटमुक्त शाईच घ्या.

पाण्याची शाई कापडात मुरते, हाताला जाणवत नाही, हवा खेळती राहते. सुती शर्टावर ती जास्त चांगली, हे आमचं स्पष्ट मत; पण ती आळशी माणसासाठी नाही. जाळीत शाई वाळते, म्हणून प्रत्येक छपाईनंतर जाळीवर शाईचा थर ओढून ठेवायचा आणि मधूनमधून पाण्याचा बारीक फवारा मारायचा. पाच-दहा मिनिटं थांबायचं असेल तर जाळी भरून झाकून ठेवा. पिकवताना आधी पाणी उडालं पाहिजे. तोपर्यंत तापमान १०० च्या पुढे सरकत नाही. त्यामुळे १६० अंशांना दीड ते तीन मिनिटं लागतात आणि टनेलमध्ये (शर्ट पट्ट्यावरून आत जातात ती लांब भट्टी) गरम हवा वाहती हवी. नुसत्या फ्लॅशखाली पिकवलेली पाण्याची शाई पहिल्या चार धुण्यांत फिकी होते.

गडद सुती शर्टावर मऊ छपाई हवी असेल तर डिस्चार्ज. शाईत झिंक फॉर्मल्डिहाइड सल्फॉक्सिलेटची पूड वजनाच्या साधारण ३ ते ६ टक्के मिसळतात. उष्णता आणि वाफ मिळाली की ती शर्टाचा मूळ रंग काढते आणि शाईचा रंग त्या जागी बसतो. मिसळलेली शाई काही तासांत निकामी होते, म्हणून लागेल तेवढीच करा. फक्त रिअॅक्टिव्ह रंगाच्या १०० टक्के सुती कापडावर चालतं, आणि तिथेही रॉयल ब्लू, टर्कॉइज, काही हिरवे रंग हट्टी असतात. प्रत्येक गठ्ठ्यातला एक शर्ट आधी छापून बघा. वास उग्र असतो, हवा बाहेर खेचणारा पंखा चालू ठेवा, आणि शर्ट घालण्याआधी धुवायला सांगा.

## डीटीजी

इथे शर्टच प्रिंटरमध्ये जातो. फोटो, सावल्या, शेकडो छटा, आणि तेही एकाच शर्टावर: स्क्रीनला जे परवडत नाही ते डीटीजीचं मुख्य काम. पांढऱ्या सुती शर्टावर छपाई पाण्याच्या शाईसारखी मऊ येते. गडद शर्टावर आधी पांढरा थर छापावा लागतो, आणि अडचणी तिथून सुरू होतात.

गडद शर्टाला प्रीट्रीटमेंट आवश्यक. या द्रवात कॅल्शियमचे क्षार असतात. पांढरी शाई त्यावर पडताच गोठते आणि कापडात न मुरता वर राहते. साधारण ३५ बाय ४० सेंटिमीटरच्या भागाला २० ग्रॅमच्या आसपास द्रव लागतो. अंदाज घेण्यापेक्षा शर्ट फवारणीआधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा. कमी पडलं तर पांढरा धुरकट दिसतो. जास्त झालं तर छपाईभोवती चौकोनी डाग उरतो आणि छपाई कडक होते. फवारल्यावर मऊ ब्रशने तंतू एका दिशेला बसवा, मग १६० अंशांना ३०-४० सेकंद प्रेस करून पूर्ण वाळवा. अर्धवट ओल्या शर्टावर शाई पसरते. उभे राहिलेले तंतू पांढऱ्या थरातून वर येतात आणि पहिल्या धुण्यानंतर छपाईवर बारीक काळी लव दिसते. त्यावर महाग शाई हा उपाय नाही, कोंब्ड सुताचा शर्ट हा आहे.

छपाईनंतर पिकवणं: हीट प्रेस कागदावर हलकी टेकवून १६० ते १६५ अंशांना ९० सेकंद ते ३ मिनिटं, शाई बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे. जोरात दाबलं तर ओल्या शाईला कागदाची चमक येते.

यंत्राची देखभाल हेच डीटीजीचं खरं खर्चाचं खातं. पांढऱ्या शाईतलं टायटॅनियम डायऑक्साइड जड असतं आणि तळाशी बसतं. रोज शाई हलवणं, नोझल चाचणी, कॅप आणि वायपर पुसणं, खोलीत ४० ते ६० टक्के आर्द्रता: यातलं काही चुकलं की शाई फवारणारं हेड बुजतं. आठवड्याला पाचच शर्ट छापायचे असतील तर स्वतःचं यंत्र घेऊ नका, काम बाहेर द्या.

## डीटीएफ

सध्या सगळीकडे हेच आहे, आणि कारणही आहे: सुती, पॉलिस्टर, मिश्र, गडद, फिका, कशावरही एकाच रीतीने चालतं, प्रीट्रीटमेंट नाही; गडद पॉलिस्टरचा रंग वर चढण्याची काळजी तेवढी घ्यावी लागते. चित्र पीईटी फिल्मवर उलटं छापलं जातं, आधी रंग, त्यावर पांढरा. ओल्या शाईवर टीपीयू या प्लास्टिकची, उष्णतेने वितळून चिकटणारी पूड शिंपडायची, उरलेली झटकायची, आणि फिल्म ११० ते १३० अंशांना २-३ मिनिटं तापवायची. तापवलेल्या पुडीचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसला की झालं. दाणे सुटे दिसत असतील तर कच्ची. पिवळट आणि सपाट झाली असेल तर जास्त तापली. या वेळी निघणारा धूर खोलीत राहू देऊ नका.

मग शर्ट ५ सेकंद कोरडा दाबा, फिल्म ठेवा, १५० ते १६० अंशांना १० ते १५ सेकंद मध्यम ते भक्कम दाबाने प्रेस करा. फिल्म गरम सोलायची की थंड, हे फिल्मच्या जातीवर अवलंबून असतं आणि इथे तडजोड नाही. थंड सोलायची फिल्म गरम असताना ओढली की बारीक अक्षरं फिल्मबरोबरच उठतात. सोलल्यावर वर सिलिकॉनचा कागद किंवा टेफ्लॉनचं कापड ठेवून पुन्हा ५ ते १० सेकंद दाबा. हा दुसरा दाब बरेच जण वाचवतात, आणि नंतर कोपरे सुटल्याची तक्रार येते.

फाइलमध्ये दोन गोष्टी सांभाळा. अर्धपारदर्शक कडा आणि धूसर सावल्या चालत नाहीत. त्यांच्याखाली पांढरा थर आला की चित्राभोवती पांढरी रेघ दिसते. पांढरा थर रंगापेक्षा २-३ पिक्सेल आत घ्या, ३०० डीपीआयला. आणि अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेषेला पूड धरतच नाही. खोलीची हवा फार कोरडी झाली की स्थिर विजेमुळे पूड रिकाम्या फिल्मलाही चिकटते आणि शर्टावर चित्राभोवती ठिपके उमटतात. फार दमट झाली की पुडीच्या गाठी होतात.

डीटीएफचा दोष एकच, पण मोठा. २८ सेंटिमीटरचा भरीव चौकोन छापला तर छातीवर प्लास्टिकचा पत्रा बांधल्यासारखं वाटतं आणि घाम बाहेर पडत नाही. चित्रात जागोजागी शर्टाचा रंग उघडा ठेवा, भरीव भागाला हाफटोनची जाळी द्या. ते शक्य नसेल तर ते काम डीटीएफचं नव्हेच.

## सब्लिमेशन

पॉलिस्टरचा रंग उडतो हा दोष आपण वर पाहिला. सब्लिमेशन त्याचाच उपयोग करतं. डिस्पर्स शाई कागदावर उलटी छापून १९० ते २०५ अंशांना ४५ ते ६० सेकंद दाबली की रंग वायू होऊन धाग्याच्या आत शिरतो. थर बसत नाही, म्हणून सुटायला काही नाही. हाताला छपाई जाणवत नाही आणि ती तडकत नाही.

अटी दोन. पॉलिस्टर किमान ६५ टक्के, चांगल्या रंगासाठी १०० टक्के; सुती धाग्यावर रंग धुऊन जातो. आणि शर्ट पांढरा किंवा अगदी फिका, कारण पांढरी शाई नसते, चित्रातला पांढरा म्हणजे कापडाचा पांढरा. कागदावरचे रंग मळकट दिसतात, त्यावरून निकाल लावू नका.

प्रेस करण्याआधी चिकट रोलर फिरवा. एखादा न दिसणारा तंतू प्रेसखाली निळ्या रेघेसारखा उमटतो आणि निघत नाही. कागद उष्णतारोधक टेपने पक्का करा. प्रेस उघडताना कागद एक मिलिमीटर जरी सरकला तर दुसरी पुसट प्रतिमा उमटते. कागदाच्या कडांची चौकट शर्टावर उमटत असेल तर दाब कमी करा, कागदाच्या कडा फाडून असमान ठेवा, किंवा शर्टाच्या आत चित्रापेक्षा थोडा लहान फोमचा तुकडा घाला.

## व्हिनाइल

उष्णतेने चिकटणारं रंगीत प्लास्टिक, पाठीवरची नावं आणि क्रमांक यांच्यासाठी. कटरवर उलटं कापायचं, नको तो भाग चिमट्याने काढायचा, १५० ते १६० अंशांना १० ते १५ सेकंद. एका रंगाची मोठी अक्षरं झटपट होतात. बारीक नक्षी सोलत बसणं म्हणजे वेळेचा खून. ताणल्या जाणाऱ्या जर्सीला ताणणारं व्हिनाइल घ्या.

## काही कामं, आणि त्यांना काय वापरायचं

पांढऱ्या सुती शर्टावर दोन रंगांचं चिन्ह, ६० नग: स्क्रीन, पाण्याची शाई, दोन चौकटी. हातप्रेसवर एका रंगाचे तासाला ५०-६० शर्ट निघतात, त्यामुळे तयारी सोडून हे अर्ध्या दिवसाचं काम.

काळ्या सुती शर्टावर फोटो, ८ नग: डीटीजी. शर्ट खरबरीत सुताचा असेल तर डीटीएफ, पण फोटोच्या कडा हाफटोनने विरघळवून.

तेच फोटोचं काम ३०० नगांचं असेल तर हिशेब उलटतो. चार-सहा चौकटींवर हाफटोन करणारा कुशल छपाईवाला शोधा. डीटीजीवर गडद शर्टाला फवारणी, वाळवणं, छपाई, पिकवणं मिळून पाच ते दहा मिनिटं लागतात. ३०० ने गुणून बघा.

पांढऱ्या पॉलिस्टर जर्सी, २२ नग, प्रत्येकीवर वेगळं नाव: सब्लिमेशन, नाव चित्रातच घालून. जर्सी मरून असेल तर रंग अडवणारा करडा किंवा काळा थर असलेलं डीटीएफ किंवा व्हिनाइल, शक्य तितक्या कमी तापमानाला. स्क्रीनच करायची झाली तर आधी करडा ब्लॉकर, मग लो-ब्लीड (शर्टाचा रंग सहज वर येऊ न देणारा) पांढरा आणि कमी तापमानाची शाई.

मापं आणि डिझाइन रोज बदलणारी, एकेक नगाची मागणी असेल तर डीटीएफ फिल्म छापून ठेवा आणि मागणी येईल तसे शर्ट दाबा. फिल्म हवाबंद पिशवीत, सपाट, उन्हापासून दूर.

## गठ्ठा सोडण्याआधी धुणं

एक शर्ट छापून २४ तास तसाच ठेवा. काही प्रकारची छपाई त्या काळात आणखी पक्की होते. मग उलटा करून ४० अंशांच्या पाण्यात पाच वेळा धुवा आणि दरवेळी पूर्ण वाळवा. शेजारी न धुतलेला नमुना ठेवून तुलना करा.

स्क्रीनची छपाई ताणल्याशिवायही तडकली तर शाई कच्ची राहिली. वरचा रंग पांढऱ्या थरावरून सुटला तर फ्लॅश जास्त झाला. पाण्याची शाई एकसारखी फिकी झाली तर पाणी उडायलाच वेळ मिळाला नव्हता. डीटीजीचा पांढरा भाग विटला आणि रंग तसेच राहिले तर प्रीट्रीटमेंट कमी पडली. सगळंच विटलं तर पिकवणं. डीटीएफचे कोपरे उठले तर दाब किंवा दुसरा प्रेस तपासा. मधोमध फुगे आले तर शर्टात ओल होती. पॉलिस्टरवरचा पांढरा गुलाबी झाला तर तापमान १० अंशांनी उतरवून नवा नमुना करा, आणि तो दोन-तीन दिवस उबदार जागी ठेवून मगच बाकीच्या शर्टांना हात लावा.